ओवाळणी विद्येची

वसुबारसेच्या सायंकाळी गोमातेच्या पायांवर पाणी घालून ज्या दीपोत्सवाचा आरंभ होतो, त्याची सांगता भाऊबीजेच्या ओवाळणीने होते. धनत्रयोदशीस धनाचे, अमावास्येस लक्ष्मीचे, पाडव्यास बळीराजाचे स्मरण करून झाल्यावर कार्तिक शुद्ध द्वितीयेचा दिवस आपल्या पूर्वजांनी बहिणीसाठी राखून ठेवला. पाटाभोवती रांगोळी काढलेली आहे, तबकात निरांजन तेवते आहे, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळून बहीण भावाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना करीत आहे, हे चित्र या दिवशी महाराष्ट्रातील घरोघरी दिसेल. मग भाऊ तबकात ओवाळणी घालील आणि घरात हसणेखिदळणे होईल. या मंगल क्षणी, जिच्यासमोर पाटावर बसणारा भाऊ नाही आणि असला तरी त्याच्या हाती घालण्यासारखे काही नाही, अशा एका दूरच्या बहिणीचेही स्मरण व्हावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

यमद्वितीयेची कथा सर्वांना ठाऊक आहे. सूर्यकन्या यमुना आपल्या भावाला, यमाला, वारंवार भोजनास बोलावीत असे. परंतु प्राणिमात्रांच्या आयुष्याचा हिशेब ठेवणाऱ्या यमराजाला सवड होत नसे. अखेर कार्तिक शुद्ध द्वितीयेस तो तिच्या दारी आला. यमुनेने त्याला स्नान घातले, आपल्या हातचे अन्न वाढले, ओवाळले. संतुष्ट झालेल्या यमाने वस्त्रालंकार देऊन वर माग असे म्हटले, तेव्हा तिने जे मागितले ते फारच विचार करण्यासारखे आहे. दरवर्षी या दिवशी तू माझ्या घरी ये आणि जो कोणी भाऊ आज बहिणीच्या हातचे जेवील त्याला तुझे भय नसावे, असे तिने मागितले. म्हणजे यमुनेचा वर तिच्या एकटीपुरता राहिला नाही. साऱ्या जगाच्या बहीणभावांना तिने आपल्या आनंदात वाटेकरी करून घेतले. भाऊबीज हा एका कुटुंबाचा सण असूनही त्याच्या मुळाशी असा विश्वकुटुंबाचा भाव आहे.

आपल्याकडे आणखी एक चाल आहे. जिला भाऊ नाही अशी मुलगी भाऊबीजेच्या संध्याकाळी अंगणात येते आणि द्वितीयेच्या चंद्रकोरीला ओवाळते. चंद्र हा तिचा भाऊ. ज्या संस्कृतीने भाऊ नसलेल्या मुलीला आकाशातला चंद्र भाऊ म्हणून दिला, त्या संस्कृतीत पृथ्वीवरच्या माणसांनी तिचे भाऊ होण्यास कचरावे, हे शोभणारे नाही.

ओवाळणी म्हणजे दान नव्हे

दान आणि ओवाळणी यांतील भेद आपल्या जुन्या गृहिणींना पक्का ठाऊक होता. दान घेणाऱ्याचा हात खाली असतो. ओवाळणीत तसे नाही. बहीण आधी ओवाळते, आशीर्वाद किंवा शुभेच्छा देते, आणि मग भाऊ तिच्या तबकात काही घालतो. ती मागत नाही. तो तिचा मान असतो. भाऊ कितीही श्रीमंत असो, ओवाळणी घालताना त्याने उपकाराची भाषा केली तर तबकातले निरांजन विझल्यासारखे होईल.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमाने आपल्या निधीला ‘भाऊबीज’ हे नाव दिले यातील औचित्य कळते. आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचा भाऊबीज निधी सुमारे शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला. संस्थेचे स्वयंसेवक घरोघर जातात, पावती देतात आणि भाऊबीजेची ओवाळणी म्हणून लोक यथाशक्ति जे देतील ते घेऊन येतात. ती रक्कम गरजू मुलींच्या शिक्षणाच्या आणि वसतिगृहातील निवासाच्या कामी येते. एका घरची ओवाळणी अशी ओळखदेख नसलेल्या बहिणीच्या तबकात पडते. मात्र हा निधी शाळेच्या शुल्कापुरताच न ठेवता मुलीच्या राहण्याजेवण्यासाठीही का लागावा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वार लावून जेवणारे मुलगे

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील किती तरी थोर पुरुष परक्यांच्या घरी जेवून शिकले. खेड्यातला गरीब मुलगा पुण्यास, साताऱ्यास किंवा कोल्हापुरास येई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे त्याचे वार लागत. ज्याचे वार भरत नसत तो झोळी घेऊन माधुकरी मागे. रात्री एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या माडीखाली पथारी टाकून तो रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करी. घरातील गृहिणी आपल्या लेकरांबरोबर त्यालाही पान वाढी. त्या पिढीच्या विद्येमागे या स्वयंपाकघरांचा फार मोठा हात आहे. वार घालणे हे गृहस्थाश्रमाचे कर्तव्यच मानले जाई. जातीची बंधने त्याही व्यवहारात होती आणि पुष्कळ मुलांना ती दारे बंदच राहत, हेही खरे. तथापि अन्नदानातून विद्यादान कसे घडते याचा तो एक जिवंत पाठ होता.

परंतु हा सारा मार्ग मुलग्यांचा होता. मुलीला घर सोडून परगावी जाता येत नव्हते, ओवरीत निजता येत नव्हते, झोळी घेऊन दारोदार हिंडता येत नव्हते. स्वतः धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. कोकणातील मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून शंभर मैलांहून अधिक चालत साताऱ्यास गेला आणि लहानखुऱ्या अंगलटीमुळे वय कमी वाटते म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. त्या पायपिटीचे आपण आजही कौतुक करतो. पण त्याच मुरुडातल्या एखाद्या मुलीला ती पायपीट करण्याचीही मुभा नव्हती. मुलाला विद्येसाठी वाट चालावी लागे. मुलीसाठी विद्येच्या दारी आधी एक घर बांधावे लागणार होते.

हिंगण्याच्या माळावरचे घर

असे घर उभारण्याचा आरंभ पंडिता रमाबाईंनी केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. तेथे राहून शिकणाऱ्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये बालविधवा गोदूबाई होत्या. १८९३ साली कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, म्हणजेच सर्वांच्या बाया. निवासी शाळेने एका विधवेचे आयुष्य कसे पालटते याचा अनुभव कर्व्यांना आपल्याच घरात आला होता.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील आपली जमीन दिली आणि १९०० साली त्या माळरानावर आश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि दिवसाचे काम आटोपून चिखलातून, अंधारातून हिंगण्याची वाट तुडवीत. आज कर्वेनगर म्हणून गजबजलेल्या भागात तेव्हा रस्ताही धड नव्हता. त्या झोपडीत राहणाऱ्या मुली बहुतेक बालविधवा होत्या. घरी त्यांच्या वाट्याला माजघरातील कोपरा आणि न संपणारे काम होते. आश्रमात त्यांना पाटी मिळाली आणि पाटीबरोबर दोन वेळचे जेवण, अंथरूण आणि सोबतीच्या मैत्रिणीही मिळाल्या.

त्यांतीलच एक पार्वतीबाई आठवले. त्या बायांच्या भगिनी. तरुणपणी वैधव्य आले, पदरी मूल होते. आश्रमाच्या छायेत त्या शिकल्या, आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. इंग्रजीचे ज्ञान बेताचेच असताना १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या, तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या आणि आश्रमासाठी निधी जमवून १९२० साली परतल्या. जिला घराच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणे दुर्घट होते, तिने हे केले. ज्या मुलीला विद्येचे घर मिळते, ती पुढे किती मुलींना घर देते, याचा हिशेब कोणत्याही खतावणीत बसणारा नाही.

साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह चालविले. तेथील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. विद्यादानाच्या इतिहासात फळा आणि खडूइतकीच चूलही महत्त्वाची आहे, हे या माउलीने आपल्या सौभाग्यलेण्याने लिहून ठेवले आहे.

दिवाळी संपते तेव्हा

वाचकांपैकी कोणी म्हणेल, हा झाला गतकाळ. आता गावोगाव शाळा आहेत. मुलींना शाळेचे शुल्क नाही. आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आणि सक्तीचे करणारा कायदा २००९ साली झाला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. मग आता उणीव कशाची?

उणीव निवाऱ्याची आहे. ती पाहण्यासाठी दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतील वाड्यातांड्यांवर जावे लागेल. दसऱ्याचे सोने लुटून झाले की तेथे निघण्याची तयारी सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी ऊसतोडीला निघते. या जोडीलाच तिकडे एक ‘कोयता’ म्हणतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, कोंबड्या आणि लेकरे ट्रॅक्टरमध्ये चढतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यांकडे वाटचाल सुरू होते. पुढचे पाच-सहा महिने पाचटाची खोपी हेच घर. आपल्या घरी आकाशकंदील उतरविला जात असतो, त्या दिवसांत या मुलींची शाळा सुटत असते.

मुलगी लहान असेल तर ती फडात धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, भाकऱ्या थापते. ती मोठी होऊ लागली की आईबापांपुढे खरा पेच उभा राहतो. बरोबर नेले तर उघड्या माळावरच्या खोपीत तिची काळजी. मागे ठेवावी तर घरात म्हातारी आजी, रात्री कोण सोबतीला? या भयापोटी आणि लग्न झाले की नवा कोयता तयार होतो या व्यवहारापोटी, वयात येण्याआधीच तिचे हात पिवळे करण्याचा मार्ग निवडला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के आढळले. बीड जिल्ह्यात ते ४३.७ टक्के होते. या आकड्यांतील प्रत्येकीच्या आईबापाला दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांतील अनेकांनी लेकीचे लग्न लावले ते तिच्यावर प्रेम नव्हते म्हणून नव्हे. तिला सुरक्षित ठेवण्याची दुसरी जागा त्यांच्यापाशी नव्हती म्हणून.

शुल्क माफ झाल्याने या मुलीचा प्रश्न सुटत नाही. तिला एक खाट हवी, दोन वेळचे जेवण हवे, कडी नीट लागणारे न्हाणीघर हवे, रात्री दिवा हवा आणि आईच्या मायेने चौकशी करणारी अधीक्षिका हवी. एवढे मिळाले तर उसाचा हंगाम तिच्या शाळेवरून निघून जाईल आणि ती पुढच्या वर्गात बसलेली असेल.

नरकचतुर्दशीच्या कथेतही हाच बोध आहे. नरकासुराला मारून श्रीकृष्णाने सोळा हजार स्त्रियांना बंदिवासातून सोडविले, एवढ्यावर ती कथा थांबत नाही. सुटलेल्या स्त्रियांनी जायचे कोठे, हा प्रश्न उरलाच होता. भगवंताने त्यांना द्वारकेत घर दिले, आपले नाव दिले, प्रतिष्ठा दिली. बंधनातून मुक्त करणाऱ्याने निवाराही द्यावा, असा त्या लीलेचा अर्थ आपण घेतला पाहिजे. मुलीला शिकण्याचा हक्क देणारा समाज तिला शिकताना राहायला जागा देत नसेल, तर त्याने काम अर्ध्यावर सोडले असे म्हणावे लागेल.

शासन आणि समाज

या दिशेने शासनाने काही पावले टाकली आहेत. २००४ साली केंद्र शासनाने कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची योजना आणली. शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांत मुलींसाठी निवासी शाळा, त्यांतील ७५ टक्के जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक समाजांतील मुलींना व २५ टक्के दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींना, अशी तिची रचना आहे. आरंभी सहावी ते आठवीपर्यंत असलेली ही सोय २०१८ नंतर बारावीपर्यंत वाढविण्याची तरतूद झाली. ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने या कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली आणि तिला संत भगवानबाबांचे नाव दिले. हे नाव यथार्थ आहे. वारकरी परंपरेतील या संताने भगवानगडावरून भक्तीबरोबर विद्येचाही आग्रह धरला. जमीन विकावी लागली तरी मुलांना शिकवा, हा त्यांचा उपदेश त्या भागातील माणसे आजही एकमेकांना सांगतात.

तथापि शासनाने इमारत दिली तरी घरपण समाजानेच द्यावे लागते. वसतिगृहातील मुलीला पहिल्या आठवड्यात घरची आठवण येऊन रडू येते. आजारी पडली तर डोक्यावर हात ठेवणारे कोणी हवे असते. सणाच्या दिवशी साऱ्या मैत्रिणी घरी गेल्या आणि हिचे आईवडील दूर फडात असले, म्हणजे तिला त्या मोठ्या खोलीत एकटे वाटते. ही उणीव अनुदानाने भरत नाही.

आपल्या तबकातून

मग आपण काय करावे? प्रथम एवढे करावे की भाऊबीजेच्या दिवशी तबकात घरच्या बहिणीची ओवाळणी घालतानाच एक वेगळी ओवाळणी बाजूला काढावी. ज्याला सख्खी बहीण नाही, त्याने तर हा दिवस सुना जाऊ देऊ नये. रक्कम लहान असली तरी संकोच नको. भाऊबीज निधीसारखी कामे मोठ्या देणग्यांइतकीच असंख्य घरांच्या लहान लहान ओवाळण्यांवर चालत आली आहेत. द्यावे ते नोंदणी झालेल्या, हिशेब उघडा ठेवणाऱ्या संस्थेला द्यावे आणि पावती घ्यावी. श्रद्धा आणि चौकसपणा यांचे वैर नाही.

दुसरे असे की, शक्य असल्यास हे एका सणापुरते ठेवू नये, व्रत म्हणून घ्यावे. आपण सोळा सोमवार करतो, चातुर्मासाचे नेम पाळतो. तसाच एका मुलीच्या आठवीपासून बारावीपर्यंतच्या निवास-भोजनाचा नेम एका कुटुंबाने, किंवा चार बिऱ्हाडांनी मिळून, घ्यावा. मध्येच तुटलेल्या शिष्यवृत्तीने मुलीची फार निराशा होते. सुरू केलेले उद्यापनापर्यंत न्यावे, हा व्रताचा नियम येथेही लागू आहे.

तिसरे, आपल्या गावातील किंवा जवळच्या मुलींच्या वसतिगृहात, तेथील अधीक्षिकेची अनुमती घेऊन, घरातील स्त्रियांनी जावे. श्राद्धपक्षाचे, वाढदिवसाचे किंवा मंगळागौरीचे अन्न तेथे वाढावे. जेवण कसे आहे, पाणी पुरते का, दारेखिडक्या धड आहेत का, हे सहज नजरेखालून घालावे. जेथे चार घरच्या आयाबहिणींची ये-जा असते, तेथील कारभार आपोआप नीट राहतो. मात्र तिथे गेल्यावर मुलींना रांगेत उभे करून त्यांच्या गरिबीची कहाणी वदवून घेऊ नये, मदतीची छायाचित्रे मिरवू नयेत. बहिणीच्या घरी गेलेला भाऊ असे करीत नाही.

चौथे आणि कदाचित सर्वांत मोलाचे म्हणजे, आपल्या घरी धुणेभांड्यास येणाऱ्या बाईंच्या, शेतावर राबणाऱ्या गड्याच्या, बांधकामावरील मजुराच्या मुलीची चौकशी करावी. ती कितवीत आहे? पुढे शिकणार आहे का? वसतिगृहाच्या प्रवेशाचा अर्ज कोणी भरून देईल का? दाखले मिळविण्यासाठी तिच्या वडिलांबरोबर तहसील कचेरीत कोणी जाईल का? पुष्कळदा पैशापेक्षा या एका खेपेने मुलीचे वर्ष वाचते.

पूर्वीच्या गृहिणीने वारकरी विद्यार्थ्याला पान वाढताना तो पुढे कोण होणार याचा विचार केला नव्हता. विद्यार्थी दारी आला आहे आणि त्याला उपाशी पाठवायचे नाही, एवढेच तिला ठाऊक होते. आज ती विद्यार्थिनी आपल्या दारापर्यंत येऊ शकत नाही. ती ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला, भांड्यांच्या बोचक्यावर बसली आहे आणि गाडी निघण्याच्या बेतात आहे. तिला खाली उतरवून घेणारा हात आपल्यापैकी कुणाचा तरी असला पाहिजे.

यंदा यमद्वितीयेच्या सायंकाळी ओवाळणे झाल्यावर क्षणभर अंगणात यावे. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसेल. तिला ओवाळणारी एखादी मुलगी कुठेतरी उभी असेल. तिची ओवाळणी आपल्याकडे बाकी आहे.